रंग नवा, शॉकअप जुना

सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे नंतर कुणी दुखावलं गेलं तर 'आधी का नाही बोललास' असं व्हायला नको. ज्या मोटरसायकलच्या टाकीवर रंगाचे पाच हात आहेत आणि पुढच्या शॉकअपमध्ये वीस वर्षांपूर्वीचं तेल आहे, तिला 'रिस्टोर्ड' म्हणणं ही शुद्ध थाप आहे. रंगवलेली म्हणा, सजवलेली म्हणा. वरातीच्या घोडीलाही आपण सजवतोच की, पण म्हणून तिला कुणी रेसला पाठवत नाही.

हा विषय गेले काही महिने डोक्यात जातोय. कारण आपल्या आयटीवाल्यांत सध्या जुन्या गाड्यांची साथ आलीये. जरा बरं अप्रेझल झालं की पहिला नंबर फोनचा, दुसरा ट्रेकिंगच्या बुटांचा आणि तिसरा आरएक्स १०० चा. (येझदी किंवा जुनी बुलेट घेणारे म्हणजे वरच्या बँडमधले!) गाड्या आवडण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मलाही आवडतात. तक्रार आहे ती आवडीच्या नावाखाली आपण काय विकत घेतो आणि काय विकतो याबद्दल.

थोडा हिशोब मांडू. आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ बीएचपी आणि वजन १०० किलोच्या आसपास. सिग्नल सुटल्यावर ती अशी का उधळते त्याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा कंपनीसुद्धा १९९६ सालीच बंद पडली. (२०२२ साली येझदी नावाने आलेली गाडी वेगळी, ती नव्या डिझाइनची.) म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण आरएक्स १०० सुद्धा माझ्याहून वयाने मोठी आहे. तिला खरं तर अहो-जाहो करायला हवं. या वयाच्या गाडीत रबर कडक झालेलं असणार, बुश झिजलेले असणार, तेलाचं पाणी झालेलं असणार. यात तिचा दोष काही नाही. आपण ते न बघता तिला पावडर लावतो, हा दोष आपला.

आता 'रिस्टोरेशन'चं बजेट कुठे जातं बघा. टाकी आणि साइड पॅनेलचा रंग. रिम आणि मडगार्डचा क्रोम. स्टिकर, तोही 'जपानी' हवा. नवी सीट. सायलेन्सर, शक्यतो आख्खी सोसायटी जागी होईल असा. मग इंजिनचं बोअर-पिस्टन. आणि सस्पेन्शन? एका गॅरेजमध्ये मी सहज विचारलं, "दादा, फोर्कचं काय केलंत?" उत्तर आलं, "बफ मारला ना सर! आरसा झालाय आरसा. दाढी करून घ्या." विषय संपला.

आमच्या टीममधल्या एकाने अशीच एक 'फुल रिस्टोर्ड' आरएक्स गेल्या वर्षी घेतली. विकणाऱ्याचं नाव महत्त्वाचं नाही, असे पन्नास आहेत. फोटोत गाडी म्हणजे मधुबाला. मी एक चक्कर मारली आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला पुढून 'खट्' आवाज आला. ब्रेक दाबला की नाक एकदम खाली, सोडला की दोन-तीन डोलकावे. सरळ रस्त्यावर हँडल मध्यभागी अडकल्यासारखं. वळणावर मागचं चाक स्वतःच्या मनाने थोडं इकडे, थोडं तिकडे. शनिवारी दोघांनी मिळून फोर्क उघडला. एका पायात राखाडी गाळ, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही. डस्ट कव्हरच्या आत, म्हणजे बफचं चाक जिथे पोचत नाही तिथे, पाइपला गंजाची देवी आलेली. आणि या गाडीवर तो ताम्हिणीला जायचा बेत करत होता, मागे बायकोला घेऊन!

आता यातलं इंजिनिअरिंग. घाबरू नका, आपण सगळे यातून गेलोय. दुसऱ्या वर्षाला एम-३ नावाचा राक्षस होता, त्यात स्प्रिंग, वजन आणि डॅम्परचं एक समीकरण असायचं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. तेच समीकरण तुमच्या पुढच्या चाकावर उभं आहे. स्प्रिंग हा अत्यंत प्रामाणिक प्राणी आहे. खड्ड्यात जेवढी ऊर्जा घेतली तेवढी जवळजवळ सगळी परत देतो. ती परत आलेली ऊर्जा कुणीतरी गिळायला हवी, नाहीतर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहणार. हे गिळण्याचं काम तेल करतं. फोर्क दबताना आणि सुटताना तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तेल कमी झालं, पाण्यासारखं पातळ झालं, की समीकरणातला डॅम्पिंगचा भाग खोडल्यासारखाच. उरतं ते नुसतं डोलणं.

आणि सस्पेन्शन म्हणजे कंबरेची सोय, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज. कंबर हा बोनस आहे. त्याचं खरं काम टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं. हवेत असलेल्या टायरला ब्रेक लागत नाही आणि वळवताही येत नाही. समजा गाडी आणि चालवणारा मिळून १८० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर, दोन चाकांतलं अंतर १२५ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने ब्रेक मारला तर मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर जाणारा भार १८० × ०.५ × ६० ÷ १२५, म्हणजे ४३ किलो. एवढं ओझं अचानक त्या दोन पायांवर येतं. ताशी ४० वरून असं थांबायला साडेबारा-तेरा मीटर आणि सव्वादोन सेकंद लागतात, तेही टायर सगळा वेळ जमिनीवर टेकलेलं असेल तर. टायर टप्पे खात असेल तर हा हिशोब विसरा. आरएक्सला दोन्हीकडे ड्रम ब्रेक. आधीच ब्रेक बेताचा, त्यात टायर उड्या मारतंय. काय थांबणार?

आता एकेक भाग घेऊ.

फोर्कचा पाइप. क्रोम दोन जातींचा असतो हे किती रिस्टोअरवाल्यांना माहीत असतं देव जाणे. मडगार्डवरचा क्रोम शोभेचा. निकेलच्या थरावर मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ मुलामा. फोर्कच्या पाइपवर लागतो तो हार्ड क्रोम. तो कितीतरी जाड चढवतात आणि नंतर ग्राइंडिंग करून नेमक्या मापाला आणतात. पाइपला गंजाचे खड्डे पडले असतील तर नव्या सीलची ओठपट्टी त्यावर रोज किसली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत तेल परत बाहेर. मग लोक म्हणतात, 'हल्लीचे सील भंगार आहेत'. सील काय करणार, बिचारं किसणीवर बसलंय! पाइप बदला, नाहीतर हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या. भोसरीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांवर हे काम रोज चालतं. आणि पाइप वाकलाय का हे डोळ्यांनी कळत नाही. सपाट काचेवर गडगडवून बघा, किंवा लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल गेज असतो, त्याला दोन मिनिटं लागतात.

सील. इथे 'जुना ओरिजनल जपानी माल' जमवणाऱ्यांची वेगळीच गंमत. १९८७ सालचं बंद पाकीट मिळालं की डोळ्यांत पाणी. अहो, ते रबर आहे, वाइन नाही! पाकिटातसुद्धा ते कडक होत असतं. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशा तीन आकड्यांनी ओळखलं जातं. ते आकडे घ्या, नाना पेठेत किंवा बेअरिंग-सीलच्या कुठल्याही बऱ्या दुकानात जा आणि ताजा माल आणा.

स्प्रिंग. बाहेर काढा, मोकळी असताना लांबी मोजा, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. कमी भरली तर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे वरून दोन वायसर टाकणे. गाडी उंच दिसते, गिऱ्हाईक खूश. पण वायसरने स्प्रिंगचा आधीचा दाब वाढतो, कडकपणा नाही. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. मागच्या शॉकअपच्या उघड्या स्प्रिंगची तार गंजून ५ टक्के जरी बारीक झाली, तरी कडकपणा १८-१९ टक्क्यांनी उतरतो (०.९५ चा चौथा घात काढून बघा). त्यावर काळा रंग मारला की जाडी परत येते का? दिसायला येते.

हँडलचा कोन सेट. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून खड्ड्यांचे सगळे घाव छर्रे त्याच एका जागी सोसतात आणि रेसवर तिथे खड्डे पाडतात. मग हँडल मध्यावर आलं की त्या खड्ड्यात बसतं. सरळ जाण्यासाठी आपण जी बारीक बारीक दुरुस्ती नकळत करत असतो ती करता येत नाही आणि गाडी दारू प्यायल्यासारखी लहरत जाते. उपाय म्हणून नट आवळतात. त्याने खड्डे बुजत नाहीत, अजून खोल होतात. नवे छर्रे जुन्या रेसमध्ये टाकणं हाही फसवा धंदा. सेट म्हणजे सेट, वरचा-खालचा मिळून सगळा.

चिमट्याचे बुश. (पुस्तकात स्विंग आर्म, गॅरेजमध्ये चिमटा.) हा गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित प्राणी, कारण तो दिसतच नाही. समजा दोन बुश एकमेकांपासून २०० मिलिमीटरवर आहेत आणि मागचा ॲक्सल तिथून ४५० मिलिमीटर मागे. बुशमध्ये अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई असेल तर ॲक्सलपाशी तीच एक मिलिमीटरच्या वर जाते, आणि चाकाची दिशा दर वळणाला थोडी थोडी बदलत राहते. पुढचं चाक एकीकडे बघतंय, मागचं दुसरीकडे. प्रोजेक्ट मॅनेजर आणि क्लायंटसारखं.

मागचे शॉकअप. जोडीने बदलायचे, आणि मूळ लांबीचेच. 'याला दुसऱ्या गाडीचे गॅसवाले टाकलेत' हे अभिमानाने सांगणारे असतात. १२५० मिलिमीटरच्या गाडीची शेपटी २५ मिलिमीटरने वर गेली की आख्खी गाडी पुढे एक अंशापेक्षा जास्त झुकते. फोर्क तेवढा उभा होतो, गाडी सरळ रेषेत स्थिर राहण्याचा स्वभाव कमी होतो. कंपनीने तो कोन काही विचार करून ठेवला होता. आपण तो एका स्टिकरच्या नादात बदलला.

आता नेहमीचे युक्तिवाद. सगळे ऐकून झालेत.

'पार्ट बदलले की ओरिजनॅलिटी जाते.' कुठली ओरिजनॅलिटी? कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या बुशमध्ये ढिलाई नव्हती आणि फोर्कमध्ये गाळ नव्हता. मूळ गाडी म्हणजे ती जशी बनवली होती आणि जशी चालायची ती. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये झिजेची मर्यादा छापलेली असते, त्याचा अर्थच असा की ही ओलांडली की बदला. म्हणजे झिजलेला पार्ट जपणं हेच मूळ डिझाइनच्या विरुद्ध आहे. चासी, इंजिन, टाकी, पत्रा जपा, जरूर जपा. संग्रहालयात स्टँडवर उभी राहायची असेल तर एकही नट बदलू नका, तेही मान्य. आपल्याकडे जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. पण आरएक्सची पहिली गाडीसुद्धा २०३५ सालापर्यंत त्यात बसत नाही. ती तुमच्या-माझ्यासारखीच हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चालतेय. तिथे तिच्या पुढे अचानक थांबणारा टेम्पो तिचं वय विचारत नाही.

'जुन्या गाड्या अशाच चालायच्या.' हे वाक्य ऐकलं की मला त्या जुन्या इंजिनिअर लोकांची दया येते. बीएमडब्ल्यूने १९३५ साली तेलाच्या डॅम्पिंगचा टेलिस्कोपिक फोर्क बाजारातल्या गाडीला बसवला. नॉर्टनच्या १९५० सालच्या रेसिंग फ्रेमला 'फेदरबेड' हे नाव पडलं, कारण हॅरॉल्ड डॅनियल नावाच्या रेसरला ती पिसांच्या गादीसारखी वाटली. त्याच वर्षी जेफ ड्यूकने तिच्यावर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. रॉयल एनफिल्डने तर बाकीच्या बऱ्याच कंपन्या मागचं चाक फ्रेमला सरळ जखडून विकत होत्या त्या काळात, चाळिशीच्या दशकाच्या शेवटी, बुलेटला मागे स्विंग आर्म दिला. या मंडळींनी कॉम्प्युटरशिवाय, कागद-पेन्सिलीवर, चाक जमिनीला टेकवून ठेवायचा प्रश्न सोडवला. आणि आपण झिजलेला बुश तसाच ठेवून म्हणतो, जुनं आहे, असंच असतं. हा वारशाचा मान नाही. त्यांची बदनामी आहे.

'मी काय फक्त रविवारी चालवतो.' उभी गाडी खराब होत नाही असं कुणी सांगितलं? सीलची ओठपट्टी कोरडी पडते, पाइपवर त्याच एका जागी दमट हवा बसून गंज धरतो. आणि रविवारी तुम्ही जाता कुठे? घाटात! तेही बहुतेक वेळा मागे कुणालातरी बसवून. तुमच्या हौसेत तुमचा जीव तुमचा, हे एकवेळ मानू. मागे बसलेल्याला तुम्ही चिमट्याचे बुश दाखवून परवानगी घेतली होती का?

'पैसे संपले, ते नंतर करू.' हा एकच युक्तिवाद मला प्रामाणिक वाटतो, आणि म्हणूनच त्याचं उत्तर सोपं आहे. क्रम उलटा करा. तेल, सील, कोन सेट, बुश हे सगळं मिळून चांगल्या रंगकामापेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच पडतं. पैसे संपायचेच असतील तर रंगाच्या आधी संपू देत. उडालेल्या रंगाची गाडी सुरक्षित असू शकते.

गॅरेजवाल्यांना एकट्याला शिव्या घालून उपयोग नाही, हेही खरं. तो जे मागणी आहे ते विकतो. रीलमध्ये टाकी चमकते, सायलेन्सर वाजतो, हजार लाईक पडतात. नव्या बुशचा फोटो टाकून बघा किती पडतात ते. आपल्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. मागे डेटाबेस मान टाकतोय आणि आख्खी टीम बटणांचे रंग बदलतेय, असा प्रोजेक्ट कुणी पाहिला नसेल तर हात वर करा. (कुणाचाच हात वर नाही, माहीत होतं.) तिथे आपण कँटीनमध्ये बसून मॅनेजमेंटला नावं ठेवतो. स्वतःच्या पैशाने गाडी घेताना आपण त्याच मॅनेजमेंटसारखे वागतो.

तेव्हा जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा टाकीकडे पाठ करून उभे राहा आणि पाच मिनिटांत एवढं करा. एक, पुढचा ब्रेक दाबून हँडल जोरात खाली ढकला आणि सोडा. गाडी एकदाच वर येऊन थांबायला हवी, डोलायला नको. दोन, डस्ट कव्हर उचलून पाइपवर नख फिरवा, नख अडकलं तर पाइप गेला. तीन, पुढचं चाक उचलून धरायला लावा आणि हँडल हळूहळू फिरवा, मध्यावर 'टक्' लागलं तर कोन सेट गेला. तसंच फोर्क खालून पुढे-मागे ओढून बघा, ढिलाई लागायला नको. चार, मेन स्टँडवर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. चाकाच्या बेअरिंगची ढिलाई आणि चिमट्याची ढिलाई वेगळी ओळखायला दुसऱ्या माणसाला चिमट्यावर बोट ठेवायला सांगा. पाच, मागचे दोन्ही शॉकअप सारखेच आहेत ना, दांडीवर तेल नाही ना, ते बघा.

आणि विकणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की जाहिरातीत खरं लिहा. 'रंग नवा, इंजिन केलेलं, फोर्क उघडलेला नाही.' यात लाज काहीच नाही. घेणारा त्या हिशोबाने पैसे देईल आणि घरी नेऊन पहिलं काम तेच करेल. लाज आहे ती बफ मारून गप्प बसण्यात.

आमच्या त्या मित्राच्या गाडीचं पुढे काय झालं, असं कुणीतरी विचारणारच. पाइपला हार्ड क्रोम केला, सील-तेल-कोन सेट-बुश सगळं नवं, मागचे शॉकअप मूळ लांबीचे. या सगळ्या भानगडीत टाकीवर पान्याचा एक मोठा चरा पडला. तो त्याने अजून तसाच ठेवलाय. ताम्हिणीला दोघं जाऊन आले.